मँचेस्टरचा बाण, पाषाणची प्रयोगशाळा

१/
राजगड-तोरण्याच्या वाटेने जाणाऱ्या इतिहासप्रेमींना पुणे–सातारा रस्ता आणि त्याच्या कडेचा भोर तालुका परिचयाचा आहे. याच पट्ट्यातील वरवे बुद्रुकसारख्या गावांतून दरवर्षी काही मुले-मुली विज्ञानाच्या पदवीसाठी भोरला किंवा पुण्याला जातात. तेथे त्यांची गाठ अशा एका विषयाशी पडते, ज्याची अपकीर्ती त्याच्या आधीच वर्गात पोहोचलेली असते. तो विषय म्हणजे सेंद्रिय रसायनशास्त्र. ‘पाठ केले तर सुटलात, नाही केले तर बुडालात’, एवढीच त्याची ओळख.

२/
ही ओळख चुकीची आहे, आणि ती चुकीची आहे याचा पुरावा रसायनाच्या नव्हे तर इतिहासाच्या दप्तरात सापडतो. हा धागा त्या पुराव्याचा आहे. सेंद्रिय रसायन एकेकाळी खरोखरच पाठांतराचा विषय होता. साधारण शंभर वर्षांपूर्वी तो कारणांचा विषय झाला. हे स्थित्यंतर घडवणाऱ्या परंपरेची एक ठळक शाखा मुंबईत आणि पुण्यात रुजली. तरीही आज त्याच पुण्याच्या परिसरात हा विषय बहुतांशी जुन्या, पाठांतराच्या रीतीनेच परीक्षेला सामोरा जातो.

३/
शाळेतील इतिहासही असाच बदनाम झालेला आहे. सनावळ्या पाठ करून लोक इतिहासाला कंटाळतात आणि पुढे कधीतरी एखादे अस्सल पत्र, एखादा महजर वाचताना त्यांना उमगते की सनावळी हा केवळ सांगाडा होता. कोणी, का, कोणत्या अडचणीत निर्णय घेतला, हा खरा इतिहास. सेंद्रिय रसायनातील अभिक्रियांची यादी ही अशीच एक सनावळी आहे. ती लागतेच, पण तिच्यावरच थांबले तर विषय सुरूच होत नाही.

४/
प्रारंभ नावांपासून करावा, कारण पहिल्या वर्षाचा विद्यार्थी तेथेच अडखळतो. ‘ऑर्थो’, ‘मेटा’, ‘पॅरा’ ही नावे त्याला मंत्रासारखी वाटतात. वास्तविक, ज्याच्या गावाच्या नावातच ‘बुद्रुक’ आहे त्याला हे अवघड जाऊ नये. फारसी ‘बुजुर्ग’वरून बुद्रुक म्हणजे थोरले आणि ‘खुर्द’ म्हणजे धाकटे. वरवे बुद्रुक म्हटले की जवळपास वरवे खुर्द असणार, हे नावच सांगते. त्याचप्रमाणे बेंझीनच्या सहा कार्बनांच्या कड्यावर ‘ऑर्थो’ म्हटले की दोन गट लागून शेजारी आहेत आणि ‘पॅरा’ म्हटले की समोरासमोर आहेत, हे कळते. १८९२ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत रसायनज्ञांनी नावांचे नियम बांधायला घेतले, ते याचसाठी. नाव ऐकताच पत्ता कळावा, एवढाच त्यामागचा हेतू.

५/
‘सेंद्रिय’ हा शब्द स्वतःच एक ऐतिहासिक दस्तऐवज आहे. सेंद्रिय म्हणजे इंद्रियांसह असलेले, म्हणजेच सजीवांचे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनचे बर्झेलियस आणि त्यांचे समकालीन असे मानत की साखर, तेल, नीळ, युरिया असे पदार्थ सजीवांतच तयार होतात आणि त्यांच्यामागे काही जीवनशक्ती असते. १८२८ मध्ये फ्रीड्रिख व्होलर यांनी क्षारांपासून प्रयोगशाळेत युरिया तयार केला. त्या एका प्रयोगाने जीवनशक्तीची कल्पना तत्क्षणी कोसळली, ही कथा मात्र नंतर रंगवलेली आहे. कल्पना हळूहळू झिजत गेली. १८४५ मध्ये कोल्बे यांनी मूलद्रव्यांपासून सुरुवात करून ॲसेटिक आम्लापर्यंत मजल मारली आणि पुढील दशकांत अशी उदाहरणे वाढत गेली.

६/
मराठीने हे स्थित्यंतर आपल्या शब्दांत नोंदवले आहे. महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात धड्याचे नाव ‘कार्बनी संयुगे’ आहे, महाविद्यालयात मात्र विषय ‘सेंद्रिय’च राहिला. पहिला शब्द सांगतो की हे पदार्थ कार्बनच्या जोडण्यांनी बनतात. दुसरा शब्द सांगतो की ते कधीकाळी केवळ सजीवांचे मानले जात. दोन शब्दांमधील हे अंतर समजावून सांगायला वर्गात पाच मिनिटे पुरतात, आणि शेणखताची ‘सेंद्रिय’ शेती व प्लास्टिकचे ‘सेंद्रिय’ रसायन यांतील गोंधळही त्याच पाच मिनिटांत मिटतो. एवढा वेळ फार थोड्या वर्गांत दिला जातो.

७/
पुढचे प्रकरण रंगांचे आहे. १८५६ मध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन लंडनमध्ये मलेरियावरील क्विनीन प्रयोगशाळेत तयार करू पाहत होता. साम्राज्याला, विशेषतः हिंदुस्थानातील त्याच्या सैन्याला, क्विनीनची नितांत गरज होती. क्विनीन मिळाले नाही. डांबरापासून निघणाऱ्या ॲनिलीनवर केलेल्या प्रयोगातून मात्र जांभळा रंग मिळाला. पाठ्यपुस्तकात ‘ॲनिलीन’ हा काही गुणांचा प्रश्न असतो. त्याच्या पाठीशी साम्राज्याची ही निकड उभी आहे, याचा उल्लेख तेथे सहसा नसतो.

८/
१८८३ मध्ये आडोल्फ फॉन बायर यांनी निळीच्या रेणूची जोडणी उलगडली आणि १८९७ मध्ये बीएएसएफ या जर्मन कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. हिंदुस्थानातील निळीचा व्यापार ढासळला. बिहारमधील मळेवाल्यांनी आपला तोटा वाढीव खंडाच्या आणि ‘तावान’च्या रूपाने कुळांवर लोटला. १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला गेले, त्या कहाणीचे एक टोक जर्मनीतील कारखान्यात आहे. चंपारणचा सत्याग्रह इतिहासात आणि निळीची रचना रसायनात शिकवली जाते. दोन्ही पुस्तके एकाच विद्यार्थ्याच्या हाती पडतात, पण त्यांची परस्परांशी ओळख कोणी करून देत नाही.

९/
एकोणिसावे शतक संपले तेव्हा सेंद्रिय रसायनात पदार्थ आणि अभिक्रिया यांचा डोंगर साठला होता. कशात काय मिसळले की काय मिळते, हे ठाऊक होते. ते तसेच का मिळते, याचे उत्तर फार थोड्या ठिकाणी होते. म्हणजे तोवर हा विषय खरोखरच स्मरणाचा होता. १९२२ मध्ये रॉबर्ट रॉबिन्सन आणि विल्यम केरमॅक यांच्या एका शोधनिबंधात रेणूच्या चित्रावर छोटे वाकडे बाण अवतरले. इलेक्ट्रॉन कोठून निघून कोठे जातात, हे ते बाण दाखवत. एकदा ते समजले की अभिक्रिया पाठ करावी लागत नाही, तिचा अंदाज बांधता येतो.

१०/
या केरमॅक यांचे पुढे काय झाले, हे इतिहासप्रेमींनी जरूर जाणून घ्यावे. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतील स्फोटात ऐन पंचविशीत त्यांची दृष्टी गेली. ते गणिताकडे वळले आणि १९२७ मध्ये मॅकेन्ड्रिक यांच्यासह त्यांनी साथीच्या प्रसाराचे सूत्र मांडले. आजही साथींचे आलेख त्या सूत्राच्या आधारे काढले जातात. सूत्र पडताळण्यासाठी त्यांनी जी आकडेवारी घेतली, ती मुंबई बेटावरील १९०५-०६ च्या प्लेगच्या मृत्यूंची होती. सेंद्रिय रसायनाचा वाकडा बाण आणि मुंबईचा प्लेग, यांना जोडणारा हा दुवा फारसा कोणी सांगत नाही.

११/
रॉबिन्सन १९२२ मध्ये मँचेस्टरला प्राध्यापक झाले. त्याच दशकात मद्रासहून एक तरुण त्यांच्याकडे संशोधनासाठी आला. त्याचे नाव कृष्णस्वामी वेंकटरामन, जन्म १९०१ चा. बाणांची भाषा नुकतीच घडत असताना ती घडवणाऱ्याच्याच प्रयोगशाळेत त्याने ती आत्मसात केली. मायदेशी परतल्यावर वेंकटरामन लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात अध्यापन करू लागले. तेथे त्यांनी एच. एस. महल या सहकाऱ्यासह १९३३-३४ च्या सुमारास एक अभिक्रिया प्रसिद्ध केली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये विल्सन बेकर स्वतंत्रपणे तेथेच पोहोचले होते. आज ती ‘बेकर–वेंकटरामन पुनर्रचना’ म्हणून जगभर शिकवली जाते. भारतीय नाव असलेल्या अभिक्रिया पाठ्यपुस्तकांत मोजक्याच आहेत. ही त्यांतील एक.

१२/
या अभिक्रियेत नेमके काय होते? बेंझीनच्या कड्यावर दोन शेजारी आहेत. एका घरी कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध, म्हणजे कार्बोनिल गट आणि त्याला लागून मिथिल गट आहे. दुसऱ्या घरी ऑक्सिजनवर एक ॲसिल गट बसलेला आहे. अल्कली घातली की मिथिलवरील एक हायड्रोजन निघून जातो आणि तेथे ऋण प्रभार येतो. तो ऋण कार्बन शेजारच्या घरातील ॲसिल गटाच्या कार्बनवर झेपावतो, आणि ॲसिल गट ऑक्सिजनचे बोट सोडून कार्बनला चिकटतो. मग आम्ल घातले की नवे कडे मिटते, पाणी बाहेर पडते आणि फ्लेव्होन तयार होते. फुला-पानांतील कित्येक पिवळी द्रव्ये याच कुळातली.

१३/
यात तीन कल्पना आहेत. कार्बोनिलला लागून असलेल्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज निघतो, ही पहिली. कार्बोनिलचा कार्बन इलेक्ट्रॉनांना भुकेलेला असतो म्हणून ऋण प्रभार त्याच्याकडे ओढला जातो, ही दुसरी. शेजारी असलेले गट दूरच्यांपेक्षा लवकर भेटतात, ही तिसरी. तिन्ही कल्पना पदवीच्या प्राथमिक अभ्यासक्रमातल्याच आहेत. या धाग्याचे सारे म्हणणे या एका उदाहरणावर तोलता येईल. ज्या तीन गोष्टी विद्यार्थी तीन स्वतंत्र ‘महत्त्वाचे प्रश्न’ म्हणून पाठ करतो, त्याच तीन एकत्र विचारात घेतल्या की जगाच्या पाठ्यपुस्तकांत नाव कोरणारी अभिक्रिया उलगडते.

१४/
आता मुंबई. १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. कापड गिरण्यांच्या शहराची गरज ध्यानी घेऊन वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी असे दोन अभ्यासक्रम त्यात होते. आज माटुंग्यात इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी म्हणून ओळखली जाणारी संस्था ती हीच. १९३४ मध्ये वेंकटरामन येथे आले आणि १९३८ मध्ये विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले. रंग विलायतेतून यावेत आणि गिरण्यांनी ते केवळ वापरावेत, या स्थितीवर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे रंगांचे रसायन समजणारी माणसे तयार करणे. कृत्रिम रंगांच्या रसायनावरील त्यांच्या ग्रंथाचे पहिले दोन खंड १९५२ मध्ये निघाले आणि पुढे ते आठ झाले. परदेशांतील रंगरसायनज्ञांनीही संदर्भासाठी हाताशी ठेवावा, असा हा ग्रंथ होता.

१५/
मग पुणे. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. पहिले दोन संचालक, मॅकबेन आणि फिंच, परदेशी होते. १९५७ मध्ये वेंकटरामन पहिले भारतीय संचालक झाले. १९६६ मध्ये त्यांच्यानंतर त्या पदावर आले बाळ दत्तात्रेय टिळक. कारंज्यात जन्मलेले, मुंबईत वेंकटरामन यांच्याकडे घडलेले आणि पुढे ऑक्सफर्डला त्याच रॉबिन्सन यांच्या हाताखाली संशोधन केलेले हे रसायनज्ञ. बाण काढायला शिकवणारा गुरू एक आणि त्याच्या दोन पिढ्यांचे शिष्य पाषाणात, अशी ही परंपरा आहे. निवृत्तीनंतर टिळकांनी ग्रामीण भागासाठी विज्ञान-तंत्रज्ञान वापरण्याच्या कार्याकरिता पुण्यात संस्था उभारली, हाही त्याच परंपरेचा भाग मानायला हवा.

१६/
या प्रयोगशाळेत कशाचा अभ्यास झाला? इतर विषयांबरोबरच फणसाच्या खोडाचा. फणसाच्या लाकडाचा गाभा पिवळा असतो आणि आग्नेय आशियात त्या रंगाने भिक्खूंची चीवरे रंगवली जात. वेंकटरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात त्या लाकडातील फ्लेव्होन कुळातील द्रव्यांच्या रचना उलगडल्या. लाखेतील तांबड्या रंगावरही त्यांनी काम केले. फणस कोकणात आणि मावळात घरोघरी ठाऊक आहे. फ्लेव्होनचा धडा फणसाच्या पाटापासून सुरू करता येतो, तर तो फळ्यावरच्या एका अनोळखी चित्रापासूनच का सुरू व्हावा?

१७/
सह्याद्रीच्या रानातला हिरडाही याच धड्यात बसतो. हिरड्यात टॅनिन भरपूर असते. कातडे कमावण्यासाठी तो मुंबईच्या बंदरातून विलायतेला जात असे. आपल्याकडील रंगारी सुती कापडाला आधी हिरडा, मग तुरटी आणि त्यानंतर आलीच्या मुळाचा तांबडा रंग देत. सुताला रंग सहज धरत नाही. टॅनिन सुताला चिकटते, तुरटीतील ॲल्युमिनियम टॅनिनला धरते, आणि रंगाच्या रेणूतील कार्बोनिल व त्याच्या जवळचा हायड्रॉक्सिल गट मिळून त्या ॲल्युमिनियमला चिमट्यासारखे पकडतात. येथेही प्रश्न शेजाराचाच आहे.

१८/
मात्र येथे सावध राहावे लागते. ‘आपल्या पूर्वजांना हे सारे रसायन ठाऊक होते’ असा संदेश या माहितीवरून लगेच तयार होऊ शकतो. तो खोटा ठरेल. रंगाऱ्याला क्रम ठाऊक होता, प्रमाण ठाऊक होते आणि ते पिढ्यान्‌पिढ्या जपण्याची शिस्त त्याच्याकडे होती. ॲल्युमिनियम आणि कार्बोनिल त्याला ठाऊक नव्हते. त्याच्या हाताच्या ज्ञानाला कमी लेखू नये आणि त्याच्या तोंडी विसाव्या शतकातील सिद्धांतही घालू नये. नव्या शैक्षणिक धोरणानंतर ‘भारतीय ज्ञानप्रणाली’ हा विषय पदवीच्या अभ्यासक्रमात आला आहे. हिरडा तेथे अवश्य शिकवावा, परंतु कारणासह. आणि लाहोर, माटुंगा व पाषाण येथे घडलेले विसाव्या शतकातील रसायन हीसुद्धा भारतीय ज्ञानाची परंपरा आहे, हे त्याच तासाला सांगावे.

१९/
आक्षेप येईल की पाठांतराशिवाय रसायन येत नाही. तो अंशतः खरा आहे. गटांची नावे, आम्लांचा कमी-अधिक जोर, काही मूलभूत अभिक्रिया तोंडावर असाव्याच लागतात. मोडीची बाराखडी डोक्यात नसेल तर पेशवे दप्तरातील कागद कोण वाचणार? पण मोडी शिकणारा मनुष्य बाराखडीवर थांबत नाही. परीक्षेचे स्वरूप असे असावे की थांबणाऱ्याला थांबल्याचे आणि पुढे जाणाऱ्याला पुढे गेल्याचे गुण मिळावेत. ‘अमुक अभिक्रिया लिहा’ या प्रश्नासोबत ‘न पाहिलेल्या या रेणूचे काय होईल आणि का’ असा एखादा प्रश्न जरी अनिवार्य केला, तरी गाइडांचा अर्धा व्यापार आपोआप उतरेल.

२०/
दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. दहावीपर्यंत ‘कार्बनी संयुगे’ मराठीत शिकलेली मुलगी अकरावीत आणि पदवीला तोच विषय इंग्रजीत शिकते. कारण समजण्यासाठी भाषा लागते. भाषा अपुरी पडली की माणूस पाठांतराकडे वळतो, कारण पाठ करायला अर्थ लागत नाही. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून रसायन घेऊन पदवीधर झालेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून आधी प्रवेश नाकारला गेला होता. त्या हटल्या नाहीत. प्रवेश मिळवून त्यांनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. संपादन केली. ते दार निदान दिसत तरी होते. भाषेचे दार दिसत नाही. विद्यार्थी बाहेरच राहतो आणि आपल्यालाच विषय जमत नाही, असे समजतो.

२१/
याला उपाय फार खर्चाचा नाही. संज्ञा इंग्रजीच राहू द्याव्यात. कार्बोनिल, एस्टर, न्यूक्लिओफाइल हे शब्द मराठी वाक्यात सहज बसतात. कारण मात्र मराठीत सांगावे आणि मराठीत विचारावे. वाकड्या बाणाला तर भाषाच नाही. तो मँचेस्टरमध्ये, लाहोरमध्ये आणि भोरमध्ये सारखाच काढला जातो. शिक्षकाने फळ्यावर बाण काढून ‘हा येथून का निघाला?’ एवढे विचारले आणि उत्तर कोणत्याही भाषेत स्वीकारले, तर वर्गाचे स्वरूप बदलेल. ज्या विद्यार्थ्यांना गणितात ‘का’ विचारण्याची मुभा आहे, त्यांना ती रसायनात नाकारण्याचे काहीही कारण नाही.

२२/
इतिहासप्रेमी तरुणांसाठी यात एक कामही आहे. किल्ल्यांच्या तटांची, वीरगळांची, मोडी कागदांची नोंद करणारे हात आता पुष्कळ आहेत. महाराष्ट्रातील विज्ञानशिक्षणाची नोंद करणारे फार थोडे. जुन्या महाविद्यालयांच्या प्रयोगवह्या, जुन्या प्रश्नपत्रिका, निवृत्त प्राध्यापकांच्या आठवणी, रंगाऱ्यांच्या कृती हे सारे अस्सल साधन आहे आणि ते रद्दीत जात आहे. ते गोळा झाले, तर वरवे बुद्रुकहून पुण्याला जाणाऱ्या विद्यार्थ्याला हे दिसेल की ज्या बाणाला तो घाबरतो, त्या बाणाची एक वाट त्याच्याच जिल्ह्यातील पाषाणावरून गेली आहे.

लेखनसीमा.